कानानं बघायचे सिनेमे: भयपटांचं संगीत, बंडखोर लेखकांवरचे माहितीपट आणि नेहमीचे प्रश्न

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्या हॉलमध्ये आठ-दहा जण जमतात. पडदे ओढले जातात, एक भयपट लागतो, मधे चहा, आणि मग आडवाटेनं गेलेल्या एखाद्या लेखकावरचा माहितीपट. नवीन माणूस आला की त्याच त्या प्रश्नांची सरबत्ती होते. चहा गार करून उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेली बरी.

भुताचे सिनेमे आणि लेखकांवरचे माहितीपट, ही कसली जोडी?

हा पहिला प्रश्न असतो, त्यामुळे उत्तरही जरा लांब आहे.

१९२२ मध्ये बेंजामिन क्रिस्टेनसेन या डॅनिश दिग्दर्शकानं स्वीडिश कंपनीसाठी 'हॅक्सन' नावाचा मूकपट काढला. विषय चेटूक आणि चेटकिणींचा छळ. अर्धा अभ्यास, अर्धा दुःस्वप्न असा त्याचा बाज आहे. सैतानाची भूमिका दिग्दर्शकानं स्वतःच केली, जीभ लवलवत, आणि ती करताना त्याला मजा येत होती हे शंभर वर्षांनीही दिसतं.

१९६८ मध्ये अँटनी बाल्च या इंग्रज वितरकानं हाच सिनेमा कापून साधारण सव्वा तासाचा केला. त्यावर डॅनियल ह्यूमेअर या ड्रमरचं जॅझ चढवलं, व्हायोलिनला जाँ-ल्यूक पाँती, आणि निवेदनाला विल्यम बरोज. 'नेकेड लंच' ही कादंबरी लिहिणारा अमेरिकन बरोज. बाल्च त्याचा दोस्त होता, दोघांनी मिळून 'टॉवर्स ओपन फायर' आणि 'द कट-अप्स' असे विचित्र लघुपट आधीच केले होते.

बरोजचा आवाज ऐकला नसेल तर सांगतो: कोरडा, नाकातला, एका पट्टीतला. सरकारी कचेरीच्या खिडकीमागून कोणी नियम वाचून दाखवावेत तसा. पडद्यावर म्हातारीला छळाच्या खोलीत नेताहेत, खाली ड्रम मजेत चाललेत, आणि हा माणूस चढउतार न करता बोलतोय. घाबरवायचा जराही प्रयत्न नाही, आणि म्हणूनच पोटात गोळा येतो. छळ करणारे धर्माधिकारीही अशाच आवाजात निवाडे वाचत असतील, असं वाटून जातं.

आमची शनिवारची बैठक या एका सिनेमावरून सुरू झाली. भयपटाचं संगीत असो की लेखकाचा ध्वनिमुद्रित आवाज, दोन्हीकडे खरं काम कान करतो. डोळा नुसता सोबतीला असतो.

आवाज बंद केला की भीती कमी होते, हे खरं की सांगोवांगी?

'हॅलोवीन'चा दिग्दर्शक जॉन कारपेंटर यानं स्वतःच सांगितलेला किस्सा आहे. १९७८ मध्ये सिनेमा संकलित झाला, पण संगीत आणि आवाजाचे परिणाम अजून चढले नव्हते. तसाच तो एका बड्या स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवला. बाई ढिम्म. अजिबात घाबरल्या नाहीत. मग कारपेंटरनं संगीत केलं, तेही स्टुडिओत बसून, पडद्याकडे न बघता वाजवत. सिंथेसायझरचं तंत्र डॅन वायमननं सांभाळलं. पुढे त्याच बाईंना तोच सिनेमा आवडला. मधल्या काळात भर पडली होती ती फक्त संगीताची.

श्रेयनामावलीत 'बोलिंग ग्रीन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा' असं भारदस्त नाव झळकतं. असा वाद्यवृंद अस्तित्वातच नव्हता. कारपेंटरचं बालपण केंटकीतल्या बोलिंग ग्रीन या गावात गेलं, एवढाच त्याचा अर्थ. वडील तिथेच संगीताचे प्राध्यापक होते.

ती 'हॅलोवीन'ची पियानोची धून डोक्यातून जात का नाही?

कारण ती पाचाची आहे. कारपेंटरच्या वडिलांनी त्याला लहानपणी बोंगोवर पाचाचा ठेका शिकवला होता, तोच इथे आला. टेबलावर वाजवून बघा: पाच दुणे दहा ठोके, वजन ३-३-२-२. टक-टक-टक, टक-टक-टक, टक-टक, टक-टक. पहिल्या दोन तुकड्यांत लय लागते, पाय हलायला लागतो, आणि मग एकेक ठोका गळतो. जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीसं.

आमच्याकडे येणारी एक मुलगी तबला शिकते. दहा मात्रा ऐकून ती म्हणाली, 'म्हणजे झपतालच की!' आणि मांडीवर ठेका धरला. पण झपतालाचं वजन २-३-२-३ असं, त्यामुळे समेवर दोघं भेटत आणि मधे दरवेळी एकमेकांचे पाय तुडवत. ती चिडून परत परत करत बसली. त्या दिवशी सिनेमा बाजूलाच राहिला.

मग 'एक्झॉर्सिस्ट'चं काय?

ती धून सिनेमासाठी केलेलीच नाही. माइक ओल्डफिल्ड या इंग्रज पोराची 'ट्यूब्युलर बेल्स' ही तबकडी १९७३ मध्ये निघाली, तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिननं संगीतकार लालो शिफ्रिनचं संगीत नाकारलं आणि या तबकडीच्या सुरुवातीचा तुकडा उचलला. तोही लंगडाच: सात आणि आठ मिळून पंधरा. सरळ आठाचा असता तर पाळणा म्हणून चालला असता.

'सस्पिरिया'त तबला आहे म्हणतात. थापा ना?

थापा नाहीत. म्हणजे तबल्याच्या थापा आहेत. १९७७ चा दारिओ आर्जेंतोचा हा इटालियन सिनेमा, संगीत गोब्लिन या रॉक बँडचं. बास गिटार वाजवणारा फाबिओ पिन्यातेल्ली यानंच तबलाही वाजवला आहे. सोबत मास्सिमो मोरांतेचा बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य, आणि क्लाउदिओ सिमोनेत्तीची मूग सिंथेसायझर, मेलोट्रॉन आणि सेलेस्टा ही पट्ट्यांची वाद्यं. आपल्या कानाला तो तबला जरा कच्चा लागतो, बोल स्वच्छ निघत नाहीत. पण इथे तो तालासाठी नाहीच. ओल्या भिंतीमागून कोणीतरी बोटं वाजवतंय असा भास हवाय, आणि तो होतो. वर बाळाच्या खुळखुळ्यासारखी गोड धून, आणि तिच्यात मिसळलेली घशातली कुजबुज.

आर्जेंतो हे संगीत चित्रीकरणाच्या वेळी सेटवर मोठ्यानं लावायचा, म्हणजे नटनट्या आपसूक दचकत. ते जमलं कारण तेव्हा इटलीत संवाद नंतरच भरले जायचे. सेटवर कितीही गोंधळ असला तरी बिघडत नसे.

आम्ही पहिल्यांदा हा सिनेमा लावला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, 'अहो, कोणाला बरं नाहीये का? मघापासून कोणीतरी कण्हतंय.' तेव्हापासून कुजबुज सुरू होण्याआधी आम्ही आवाज दोन घरं खाली आणतो. काकू मात्र आता अधूनमधून येऊन बसतात.

गोब्लिनचं आधी काय ऐकू?

१९७५ चं 'प्रोफोंदो रोसो'. जॉर्जिओ गास्लिनी हा जॅझवाला आधी ते करत होता, आर्जेंतोशी जुळेना, म्हणून काम या पोरांकडे आलं. ती तबकडी इटलीत खपाच्या यादीत पहिल्या नंबरावर गेली. भुताखुनाच्या सिनेमाचं संगीत लोक घरी, जेवताना ऐकत होते, ही गोष्ट मला फार आवडते.

तुमच्या मते सगळ्यात भीतिदायक संगीत कुठलं?

'द विकर मॅन', १९७३. दिग्दर्शक रॉबिन हार्डी. आणि यात एकही भीतिदायक सूर नाही!

पॉल जोव्हानी या अमेरिकन नाटककारानं यासाठी लोकगीतं बांधली, मॅग्नेट या नावानं जमवलेल्या वादकांनी ती वाजवली. स्कॉटलंडमधल्या एका बेटावर एक कर्मठ ख्रिश्चन पोलीस हरवलेल्या मुलीचा तपास करायला येतो, आणि बेटावरची माणसं त्याच्याशी बोलण्यापेक्षा गातातच जास्त. खानावळीत गातात, शाळेत गातात, रात्री भिंतीपलीकडून गातात. सगळी गाणी गोड, शेताभाताची, वसंताची. हळूहळू लक्षात येतं की गाणं पाठ नसलेला या बेटावर एकटा तोच आहे. शेवट सांगणार नाही. फक्त शेवटी जे सामूहिक गाणं आहे ते तेराव्या शतकातलं इंग्रजी गाणं आहे, उन्हाळ्याच्या स्वागताचं, आणि माणसं हातात हात घालून, हसऱ्या चेहऱ्यानं डोलत ते गातात.

वसंताचा सिनेमा असला तरी चित्रीकरण ऐन थंडीच्या तोंडावर झालं. झाडांना खोटी फुलं चिकटवली होती. हे कळल्यावर परत बघा, गाण्यांचा गोडवा आणखी खोटा लागतो.

इंग्लंडमध्ये हा सिनेमा कापून दुसऱ्या एका मोठ्या सिनेमाच्या जोडीला दुय्यम म्हणून लावला गेला. त्याची गाणी तबकडीवर यायला १९९८ उजाडलं. 'कल्ट' म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो. आधी कोणी विचारत नाही, मग काही चिवट लोक सोडत नाहीत.

निर्मात्यांनी नाकारलेलं संगीत ऐकायला मिळतं का?

मिळतं, आणि कधी कधी तेच जास्त दमदार असतं.

'द थिंग' (१९८२) साठी एन्नियो मोरिकोनेनं रचलेल्या संगीताचा बराच भाग कारपेंटरनं वापरला नाही. उलट, जे वापरलं त्याला त्या वर्षीच्या सर्वात वाईट संगीताच्या टिंगल-पुरस्काराचं नामांकन मिळालं. त्यातल्या न वापरलेल्या काही रचना २०१५ मध्ये टॅरँटिनोच्या 'द हेटफुल एट'मध्ये आल्या, आणि त्या सिनेमानं मोरिकोनेला ऑस्कर मिळवून दिलं.

दुसरं उदाहरण आमच्या बैठकीच्या जिव्हाळ्याचं. 'हेलरेझर' (१९८७) साठी आधी कॉइल या इंग्रज बँडला विचारलं होतं. ते बाद झालं, आणि क्रिस्टोफर यंगनं भव्य वाद्यवृंदाचं संगीत दिलं. तेही चांगलं आहे, वाद नाही. कॉइलचे तुकडे त्याच वर्षी वेगळे प्रसिद्ध झाले. बिघडलेलं खेळणं चावी दिल्यावर स्वतःशीच वाजत राहावं, तसे.

आता धागा बघा. कॉइलमधला पीटर क्रिस्टोफरसन हा आधी थ्रॉबिंग ग्रिसल या बँडमध्ये होता. त्या बँडच्या 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'नं १९८१ मध्ये एक तबकडी काढली: विल्यम बरोजचे टेपरेकॉर्डरचे जुने प्रयोग. चित्रकार ब्रायन गायसिनच्या सोबतीनं बरोज १९५९ पासून लिहिलेला मजकूर कात्रीनं कापून उलटसुलट जोडत होता. पुढे इयन सॉमरव्हिलच्या मदतीनं त्यानं तेच टेपवर सुरू केलं: बातम्या, रस्त्यावरचा गोंगाट, स्वतःचा आवाज, सगळं कापायचं आणि जोडायचं. म्हणजे पॅरिसच्या एका स्वस्त हॉटेलात सुरू झालेला कात्रीचा खेळ भयपटाच्या उंबऱ्यापर्यंत पोचला आणि दारातून परत पाठवला गेला.

बरोजवरचा कुठला माहितीपट बघू?

दोन आहेत, पण आधी 'बरोज: द मूव्ही' (१९८३), डोळे झाकून.

हॉवर्ड ब्रूकनर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सिनेमा शिकत होता. १९७८ मध्ये त्यानं अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून सुरुवात केली आणि पुढची पाच वर्षं तो बरोजच्या मागे हिंडला. कॅमेरा टॉम डिचिलो आणि आवाज जिम जार्मुश. दोघंही तेव्हा विद्यार्थी, पुढे दोघंही दिग्दर्शक झाले.

एक दृश्य मी दरवेळी थांबवून दाखवतो. बरोज स्वतः आपल्या कादंबरीतला डॉक्टर बेनवे होतो, अंगात डॉक्टरचा झगा, जॅकी कर्टिस नर्सच्या वेशात, आणि शस्त्रक्रियेच्या नावाखाली रक्ताच्या चिळकांड्या. भयपटाची टर उडवणारा भयपट, माहितीपटाच्या पोटात. आणि त्यातही बरोजचा चेहरा इस्त्री केलेल्या शर्टासारखा, एक सुरकुती हलत नाही.

मग दुसरं टोक: त्याचा मुलगा बिली. बाप आणि मुलगा एकाच खोलीत बसलेत, आणि दोघांनाही काय बोलावं सुचत नाहीये. मुलगाही लेखक, दारूनं शरीराची वाट लागलेली. १९८१ मध्ये, सिनेमा पुरा व्हायच्या आधी, तो गेला. त्या खोलीतल्या शांततेला संगीत लावायचा मोह ब्रूकनरनं टाळला, त्यासाठी त्याला शंभर गुण.

ब्रूकनर १९८९ मध्ये एड्सनं गेला, पस्तिशीही गाठली नाही. सिनेमा जवळजवळ गडपच झाला होता. त्याचा पुतण्या आरन यानं प्रिंट शोधली, दुरुस्त केली. बाकीचं चित्रीकरण सापडलं ते 'बंकर'मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या बावरी भागातल्या बरोजच्या बिनखिडक्यांच्या घरात. त्या शोधावर आरननं 'अंकल हॉवर्ड' (२०१६) केला. दोन्ही एकापाठोपाठ बघितले तर रात्र जाते, पण जाऊ द्या.

दुसरा, योनी लेझरचा 'अ मॅन विदिन' (२०१०). निवेदन पीटर वेलरचं, जो 'नेकेड लंच'मध्ये नायक होता. ठीक आहे. चाहत्यांची संख्या जरा जास्त झाली आहे.

'नेकेड लंच' हा सिनेमा भयपटात धरायचा का?

बोलणारा, किड्याच्या रूपातला टाइपरायटर जिथे आहे, तो नाही धरायचा तर काय? डेव्हिड क्रोननबर्गचा हा १९९१ चा सिनेमा. संगीत हॉवर्ड शोअरचं, आणि त्या वाद्यवृंदावर ऑर्नेट कोलमनचा सॅक्सोफोन सैरावैरा धावतो. कोलमनची निवड उगाच नाही. १९७३ मध्ये तो मोरोक्कोतल्या जजूका गावी तिथल्या पारंपरिक वादकांबरोबर वाजवायला गेला होता. घैता, म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलं वाद्य, आणि ढोल. बरोज तेव्हा तिथे हजर होता.

बाकीच्या लेखकांवर काय काय आहे?

केन कीझीवर 'मॅजिक ट्रिप' (२०११), अॅलेक्स गिबनी आणि अॅलिसन एलवूड. १९६४ मध्ये कीझी आणि त्याची टोळी रंगवलेल्या शाळेच्या बसमधून कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला गेली, चालक नील कॅसडी. त्यांनी रस्ताभर सिनेमाचं रीळ फिरवलं, पण आवाज चित्राशी जुळवून घ्यायची अक्कल कोणालाच नव्हती. त्यामुळे ते रीळ कित्येक दशकं डब्यात पडून होतं. मला बसच्या रंगांपेक्षा ही फजिती जास्त बोलकी वाटते.

'द चार्ल्स ब्युकॉवस्की टेप्स' (१९८५): बार्बे श्रोडर, बावन्न छोटे तुकडे, एकूण चार तास. दारूचा ग्लास, सिगरेट आणि बोलणं. एकदम बघू नका.

हंटर थॉम्पसनवर 'गोंझो' (२००८), तोही गिबनीचा. चांगला आहे, थोडा गुळगुळीत आहे. ज्याच्या अस्थी २००५ मध्ये तोफेतून उडवल्या, त्याच्यावरचा सिनेमा इतका शिस्तीचा कसा?

बायका या यादीत नेहमी शेवटी येतात, माझ्याही, लाज वाटते. कॅथी अॅकरवर बार्बरा कास्परचा 'हूज अफ्रेड ऑफ कॅथी अॅकर?' जरूर बघा.

हे लोक माणूस म्हणून कसे होते? आपण त्यांचा उदोउदो करतोय का?

हा प्रश्न काकूंनी विचारला, आणि बरोबर विचारला.

६ सप्टेंबर १९५१ ला मेक्सिको सिटीत, दारूच्या नशेत, बरोजनं नेम धरण्याच्या खेळात बायकोला गोळी घातली. जोन व्होल्मर तिचं नाव, वय २८. बहुतेक माहितीपटांत ती या एका प्रसंगापुरती येते, नवऱ्याच्या लेखनाचं कारण म्हणून. ती स्वतः काय वाचायची, काय बोलायची, यावर कॅमेरा थांबत नाही. ब्युकॉवस्की तर चालू मुलाखतीत, कॅमेऱ्यासमोर, पुढे त्याची बायको झालेल्या लिंडाला सोफ्यावर लाथा घालतो. श्रोडरनं ते ठेवलं. ठेवलं म्हणून मी त्याला मानतो.

माझी कसोटी साधी आहे. माहितीपटात लेखकाची आरती ओवाळणारे चेहरे जास्त की लेखकाचा स्वतःचा आवाज? आवाज जास्त असेल तर माणूस आपोआप उघडा पडतो. आरतीत धूर होतो, दिसत काहीच नाही.

आपल्याकडचं काहीच का नाही दाखवत?

दाखवतो की. रामसे बंधूंचे 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) आणि 'पुराना मंदिर' (१९८४) दोन्ही झाले. पहिल्याचं चित्रीकरण महाबळेश्वरला झालेलं. दाराची करकर आणि धुक्याचं यंत्र सोडलं तर त्यात ऐकण्यासारखं खूप आहे.

'तुंबाड' (२०१८) दोनदा लावला. राही अनिल बर्वेचा हा सिनेमा, त्यावर नारायण धारपांची सावली, आणि पार्श्वसंगीत येस्पर किड या डॅनिश संगीतकाराचं, जो व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी ओळखला जातो. 'हॅक्सन'वालाही डॅनिशच, हा निव्वळ योगायोग. 'तुंबाड'मध्ये संगीत नसेल तिथे पाऊस आहे, कौलावरचा, पत्र्यावरचा, विहिरीतला. कोकणात बालपण गेलेल्यांनी डोळे मिटून ऐकावा.

लेखकांचं म्हणाल, तर अमेरिकन कवी अॅलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये बोटीनं मुंबईत उतरला होता. त्याच दशकात आपल्याकडे लिटल मॅगझिनवाले पदरचे पैसे घालून अंक काढत होते, आणि १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. जेरी अॅरन्सनचा गिन्सबर्गवरचा १९९३ चा माहितीपट आम्ही याच ओळखीनं लावतो. पुढे गिन्सबर्ग पेटी घेऊन इंग्रज कवी विल्यम ब्लेकच्या कविता गायचा. सूर यथातथाच, पण हौस दांडगी.

स्पीकर कसला लागतो?

महागडा नको. पण टीव्हीचा स्वतःचा स्पीकरही नको, त्यात खर्ज मरतो आणि भीती खर्जात असते. दोन जुने लाकडी स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. हेडफोन उत्तम, पण मग शेजारचा दचकलेला दिसत नाही.

लहान मुलांना आणलं तर चालेल?

नाही. पुढच्या खोलीत बसवलं तरी नाही. आवाज भिंतीतून जातो, हेच तर आम्ही इथे शिकतो आहोत.

एकाच रात्री काय काय बघू, क्रम सांगा.

आधी 'हॅक्सन', बरोजच्या आवाजातला. मग चहा. मग 'बरोज: द मूव्ही'. त्यानंतर दिवे बंद करून कॉइलचे ते नाकारलेले तुकडे, चित्राशिवाय. अकराच्या आत संपतं. काकूंना शेवटची बस नसते, पण बाकीच्यांना असते.